जळगाव ते पिंपळनेर : लिंबाच्या तेलाची चौकशी

खानदेश हा तेलाचा मुलूख. भुईमूग, सरकी, तीळ, करडई यांच्या घाण्यांवर आणि पुढे तेलगिरण्यांवर इथल्या कितीतरी घरांची चूल पेटली. शेवभाजीवर तेलाचा तवंग नसेल तर खानदेशी माणसाला जेवल्यासारखे वाटत नाही. पण याच मुलखात आणखी एक तेल निघत असे. ते कधी कोणाच्या फोडणीत पडले नाही. ते वासाचे तेल होते, आणि ते डोंगरातल्या गवतापासून निघत असे. आज आपल्या वस्त्यांमधून लिंबाच्या तेलाच्या छोट्या बाटल्या विकायला येतात, तेव्हा त्या जुन्या तेलाची गोष्ट माहीत असलेली बरी. म्हणून हा प्रवास आणि म्हणून हा लेख.

१९०६ साली इंग्रज सरकारने मोठ्या खानदेश जिल्ह्याचे दोन भाग केले. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव आणि पश्चिम खानदेश म्हणजे धुळे. धुळ्यातून पुढे १९९८ साली नंदुरबार वेगळा झाला. आमचा प्रवास पूर्वेकडून पश्चिमेकडे, काळ्या मातीच्या सपाटीवरून सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत झाला. आम्ही तिघी होतो. एक दवाखान्यात सफाईचे काम करते, दुसरी भाजीची गाडी लावते आणि तिसरी अंगणवाडीत मदतनीस आहे. तिघीही एकाच बचत गटातल्या.

निमित्त असे झाले, की एका कंपनीचा माणूस आमच्या वस्तीत आला. त्याच्याजवळ लिंबाच्या तेलाची बाटली होती. १० मिलिलिटरला २४० रुपये. दोन थेंब पाण्यात टाकून प्यायले की साखर उतरते, गुडघ्याला चोळले की दुखणे जाते, उशीला लावले की पोराची स्मरणशक्ती वाढते, खोलीत शिंपडले की डास येत नाहीत, असे तो सांगत होता. गटाने २२ हजार रुपये भरले तर एजन्सी मिळेल, आणि प्रत्येकीने पुढे चार बाया जोडल्या की त्यांच्या विक्रीवरही कमिशन मिळेल, असे त्याचे म्हणणे. आमच्या गटात चौदा जणी, महिन्याला प्रत्येकी १०० रुपये. म्हणजे २२ हजार ही जवळजवळ सोळा महिन्यांची बचत. एवढे पैसे देण्याआधी ही वस्तू काय आहे ते पाहून यावे, असे बैठकीत ठरले.

जळगावच्या बाजारात

सुरुवात जळगावातूनच केली. बाटलीवर मोठ्या, पिवळ्याधमक, दोन्ही टोकांना निमुळत्या लिंबाचे चित्र होते. भाजीवाल्या आमच्या मैत्रिणीने ते पाहताक्षणी सांगितले, हे आपले लिंबू नव्हे. तिचे खरे होते. आपल्या बाजारात येते ते कागदी लिंबू, पातळ सालीचे, गोल आणि रसाळ. चित्रातले ते परदेशी लेमन, जाड सालीचे. त्याची मोठी लागवड अर्जेंटिनाच्या तुकुमान प्रांतात, इटलीच्या सिसिली बेटावर आणि अमेरिकेच्या कॅलिफोर्नियात होते. साल जाड असली की तेल काढणे सोपे जाते. सिसिलीत पूर्वी मजूर हाताने साल स्पंजावर दाबत आणि तेलाने भिजलेला स्पंज भांड्यात पिळत. आता ते काम यंत्रे करतात.

आमच्या वस्तीतलाच एक मुलगा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. त्याच्या घरी गेलो. त्याने मेणबत्ती पेटवली, लिंबाच्या सालीचा तुकडा घेतला आणि ज्योतीजवळ धरून दुमडला. चर्रकन ठिणग्या उडाल्या. तो म्हणाला, "मावशी, हे जे पेटलं ना, तेच लिंबाचं तेल. सालीवर बारीक ठिपके दिसतात, त्या त्याच्या पिशव्या. रसात हे तेल नसतं."

हा मुद्दा सगळ्या घरांनी समजून घेण्यासारखा आहे. लिंबाचे दोन भाग, आणि दोघांची कामे वेगळी. रसात सायट्रिक आम्ल असते आणि क जीवनसत्त्व असते. सालीच्या तेलात यातले काहीच नसते. त्यात मुख्यतः लिमोनीन नावाचे द्रव्य असते आणि थोडे सिट्रल, ज्याला आपण लिंबाचा वास म्हणतो. आम्ल क्षार विरघळवते. लिमोनीन चिकटपणा आणि तेलकटपणा सोडवते. म्हणून बादलीवर, नळावर साठलेला पांढरा क्षार बाटलीतल्या तेलाने निघणार नाही, त्याला रस किंवा वाण्याकडचे लिंबूसत्त्व हवे. आणि नव्या स्टीलच्या डब्यावर चिकटलेल्या लेबलाचा डिंक रसाने निघणार नाही, त्यावर ताजी साल घासली तर निघतो. तांब्या-पितळेची भांडी लिंबू-मिठाने लख्ख होतात, तेही आम्लामुळेच. आपल्या आज्या हे करत आल्या. कारण मात्र आम्हाला आज कळले.

त्याने बाटलीतला एक थेंब कागदावर टाकला आणि शेजारी सालीतून पिळलेला थोडा अंश टाकला. तासाभराने सालीचा डाग जवळपास उडून गेला होता, बाटलीचा तेलकट डाग तसाच राहिला. म्हणजे त्यात साधे खाण्याचे किंवा तसलेच जड तेल मिसळलेले असावे. पण त्याने हेही बजावले, की कागदाची ही परीक्षा अर्धीच आहे. कृत्रिम वास घातला असेल तर तो कागदाला कळत नाही, त्याला प्रयोगशाळा लागते. बाटलीवर ना बनवल्याची तारीख, ना बॅच नंबर. आम्ही हे वहीत लिहून घेतले.

एस.टी.तले लिंबू

सकाळी सातची गाडी धरली. २०२३ पासून एस.टी.त बायांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे तिघींनी निघणे जमले. बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडला, मग पाळधी, एरंडोल, पारोळा. नव्वदेक किलोमीटरचा हा रस्ता म्हणजे जुना सुरत-नागपूर मार्ग. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणीच्या बाया कमरेला ओटी बांधून वाकलेल्या.

पारोळ्याच्या पुढे मागच्या बाकावर एका लेकुरवाळीला मळमळू लागले. पलीकडे बसलेल्या आजीने पिशवीतून लिंबू काढले, नखाने साल ओरबाडली आणि तिच्या हातात दिले. "हुंगत राह्य पोरी," म्हणाली. धुळे येईपर्यंत ती पोर लिंबू नाकाशी धरून बसली आणि तिला उलटी झाली नाही.

आजीच्या या उपायाला थोडा आधारही आहे. इराणमध्ये १०० गरोदर स्त्रियांवर लिंबाचे तेल हुंगण्याची एक चाचणी झाली आणि ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. हुंगणाऱ्या बायांची मळमळ काही प्रमाणात कमी झाल्याचे त्यात दिसले. एका लहान चाचणीवरून फार मोठे बोलू नये. पण यात दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, तेल हुंगले होते, प्यायले नव्हते. दोन, आजीचे काम चार-पाच रुपयांच्या लिंबात झाले. सालीवर नख मारले की जे उडते ते ताजे तेलच असते. त्यासाठी २४० रुपयांची बाटली लागत नाही.

पाचकंदीलचा सरबतवाला

धुळे हे पांझरेच्या काठचे शहर. मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता इथे एकमेकांना मिळतात. आम्ही पाचकंदीलच्या बाजारात गेलो. दुकानांच्या दारांवर दोऱ्यात ओवलेली लिंबू-मिरची टांगलेली. ज्या लिंबाच्या सरबताने उन्हातून आलेल्या माणसाच्या जिवात जीव येतो, तेच लिंबू दाराला वाळत लटकते किंवा चौकात उतारा म्हणून पडते आणि लोक त्याला वळसा घालून जातात. आपल्या घरांनी हे केव्हाच सोडले. तरी शेजारपाजारचे पाहून कोणाच्या मनात शंका येते, म्हणून पुन्हा सांगावे लागते. लिंबात गुण आहेत ते रसाचे आणि सालीचे. त्यात करणी नाही आणि संरक्षणही नाही.

तिथेच एका सरबताच्या गाडीवर थांबलो. गाडीवाल्या दादाच्या हातांच्या पाठीवर आणि बोटांच्या बेचक्यांत काळपट चट्टे होते. एका बाजूला जुनी फोड आल्यासारखी खूण. आम्ही विचारले. तो हसत म्हणाला, "काय सांगू ताई, उन्हाळ्यात दरवर्षी येतात. घरचे म्हणतात कोणीतरी केलं. एकाने धागा बांधायचे पाचशे घेतले." आमच्या दवाखान्यातल्या मैत्रिणीने त्याला समजावले. हे कोणी केलेले नसते. लिंबाच्या सालीत अशी काही द्रव्ये असतात, की ती कातडीवर असताना ऊन लागले तर कातडी भाजल्यासारखी होते. एक-दोन दिवसांनी लाली किंवा फोड येते आणि मग काळा डाग राहतो, तो काही आठवड्यांपासून महिन्यांपर्यंत टिकतो. यात कागदी लिंबू सर्वांत पुढे. मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. अशा उन्हात दिवसभर लिंबे पिळणाऱ्याला हे होणारच. उपाय सोपा आहे. लिंबे सावलीत पिळावीत, लाकडी किंवा लोखंडी पिळणी वापरावी आणि उन्हात हात जाण्याआधी साबणाने स्वच्छ धुवावेत. फोड मोठी असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवावी.

दादाने लगेच हात धुतले आणि आमच्याकडून पैसे घेईना. आम्ही दिले. कष्टाच्या सरबताचे पैसे बुडवू नयेत.

महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली केला. भीती घालून पैसे उकळणारा भोंदू त्यात सापडतो. पण बाटली विकणारा भोंदू कोट-टाय घालून येतो, म्हणून तो पटकन ओळखू येत नाही. त्याच्यासाठीही कायदा आहे, आणि तो १९५४ सालापासून आहे. औषधे आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा हा कायदा. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करण्यास त्यात मनाई आहे.

पांझरेच्या उगमाकडे

धुळ्याहून दुसरी गाडी धरली. कुसुंबा, नेर आणि मग कान नदीच्या काठचे साक्री. साक्रीहून पंचवीसेक किलोमीटरवर पिंपळनेर. धुळ्यात जी पांझरा रुंद, रोडावलेली दिसते, तिच्याच वरच्या अंगाला हे गाव. गाडी पुढे जाते तसे शेत कमी होते आणि डोंगर जवळ येतात. जवळच लाटीपाड्याचे धरण आहे. पलीकडे डांग, गुजरातची हद्द. या भागात कोकणा, भिल्ल, मावची अशा आदिवासी बांधवांची वस्ती मोठी.

पूर्वी तालुक्याचे नावच पिंपळनेर होते. १८८०च्या खानदेश गॅझेटियरमध्ये पिंपळनेरच्या रोशा तेलाची नोंद आहे. आमच्या चौकशीचे मूळ तिथे होते. रोशा गवत हे लिंबाच्या वासाच्या गवती चहाचे सख्खे भावंड. दोन्ही एकाच कुळातली. गवती चहात सिट्रल भरपूर, म्हणून तो लिंबासारखा वासतो. रोशात जिरॅनिऑल भरपूर, शंभरात पंचाहत्तर ते नव्वद भाग, म्हणून तो गुलाबासारखा वासतो. गुलाबाच्या अत्तरातही हे जिरॅनिऑल असते.

गावाबाहेर एका उतारावर एक वृद्ध बाबा गुरे चारत होते. त्यांनी विचारले, "कथा चालनात?" आम्ही सांगितले, रोशा पाहायला. ते हसले आणि काठीने बाजूचे गवत दाखवले. गुडघ्याच्या वर वाढलेले, तांबूस तुरे आलेले. आम्ही एक तुरा तोडून हातात चुरगाळला. हाताला गुलाब आणि सुंठ एकत्र केल्यासारखा वास आला, आणि तो परत घरी पोहोचेपर्यंत ओढणीला राहिला. पावसाळा संपून तुरे आले की या गवतात तेल सर्वांत जास्त असते.

तेल काढायची जुनी रीत अशी होती. ओढ्याच्या काठी भट्टी लावायची. मोठ्या लोखंडी किंवा तांब्याच्या डेगेत गवत आणि पाणी भरायचे, तोंड बंद करून बांबूची नळी वाहत्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात सोडायची. खाली जाळ. वाफ तेल घेऊन नळीतून येते, पाण्यात गार होते आणि तेल वर तरंगते. ते अलगद काढून घ्यायचे. ऐकायला सोपे, पण हिशेब पाहा. शंभर किलो गवतातून तेल निघते अर्ध्या किलोच्या आसपास. एक किलो तेलाला दोन क्विंटल गवत. वीस किलोची एक मोळी धरली तर दहा मोळ्या डोक्यावरून आणाव्या लागतात, लाकूडफाटा वेगळाच.

आणि हे तेल जाई कोठे? मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या वाटेने तुर्कस्तानात. तिथे त्याला इद्रिस याघी म्हणत आणि युरोपच्या बाजारात ते तुर्की जिरॅनियम तेल या नावाने ओळखले जाई. त्याचा एक मोठा उपयोग गुलाबाच्या महागड्या अत्तरात भेसळ करण्यासाठी होता. त्या काळच्या औषधी द्रव्यांच्या पुस्तकांत भेसळीची कृतीसुद्धा दिली आहे. लिंबाचा रस घातलेल्या पाण्यात हे तेल हलवायचे, मग उन्हात ठेवायचे, म्हणजे त्याचा रंग आणि उग्रपणा कमी होतो आणि ते गुलाबात मिसळले तरी ओळखू येत नाही. डोंगरात गवत कापले ते खानदेशच्या आदिवासींनी. नाव लागले तुर्कस्तानचे. विकले गेले गुलाब म्हणून. ज्याने मोळी वाहिली त्याचे नाव बाटलीवर कुठेच नव्हते.

बाबांना आम्ही हे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गवत आमनंच शे. पन भाव दुसराच करतस." एवढेच. २००६च्या वनहक्क कायद्याने जंगलात राहणाऱ्यांचा गौण वनोपजावरचा मालकीचा हक्क मान्य केला आहे. तो कागदावरून डोंगरावर यायला हवा, हे त्यांच्या त्या एका वाक्यात होते.

बैठकीत काय ठरले

परत आल्यावर गटाची बैठक झाली. आम्ही पाहिलेले सगळे मांडले. एका बाईने नाराजी दाखवली, कारण तिच्या नणंदेने दुसऱ्या वस्तीत पैसे आधीच भरले होते आणि तिला वाटत होते की आपण मागे पडू. तिचे बोलणे पूर्ण ऐकून घेतले. मग हिशेब फळ्यावर लिहिला. चौदा जणींनी प्रत्येकी चार जणी जोडायच्या म्हणजे छप्पन्न. त्यांनी चार-चार जोडायच्या म्हणजे दोनशे चोवीस. पुढे आठशे शहाण्णव. आमच्या वस्तीत एवढी घरेच नाहीत. म्हणजे शेवटी आलेल्या शेकडो बायांचे पैसे अडकणार, आणि त्या आपल्याच नात्यागोत्यातल्या असणार. माणसे जोडून पैसे फिरवणाऱ्या योजनांना १९७८च्या कायद्याने बंदी आहे, आणि थेट विक्रीच्या २०२१च्या नियमांतही अशा साखळी योजनांना मनाई केली आहे.

चौदांपैकी तेरा जणींनी हात वर केले. पैसे गटाच्या बँक खात्यावरच राहिले. नाराज बाईने नंतर नणंदेला सोबत घेऊन ग्राहक तक्रारीचा अर्ज लिहून घेतला. त्याचे पुढे काय होते ते दिसेलच.

घरात काय करावे, काय टाळावे

या प्रवासात आणि चौकशीत जे हाती आले ते आयाबहिणींसाठी थोडक्यात देतो.

पिळलेल्या लिंबाची फोड टाकू नका. मोरी, नळ, स्टीलचे सिंक, भाजी चिरायची फळी यांवर घासा आणि धुवून टाका. सालींना गरम पाण्यात उकळून त्या पाण्याने फरशी पुसली तर वास चांगला येतो आणि तेलकटपणाही थोडा निघतो. पण फरशी शहाबादी असेल किंवा ओटा कडप्प्याचा असेल तर लिंबाचा रस किंवा सत्त्व त्यावर मुळीच टाकू नका. हे दोन्ही दगड चुनखडीचे असतात. आम्ल त्यांना खाते आणि चकाकी जाते. ॲल्युमिनियमच्या भांड्यातही लिंबू फार वेळ ठेवू नये.

लिंबाचा रस, लिंबूसत्त्व किंवा संडास धुण्याचे ॲसिड ब्लीचिंग पावडरीत कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत तो जीवघेणा ठरतो. आपल्या कितीतरी भगिनी दवाखान्यांत, शाळांत, बंगल्यांत सफाई करतात. त्यांना जास्त साफ होईल म्हणून दोन वस्तू एकत्र करायला कोणी सांगितले तर त्यांनी स्पष्ट नाही म्हणावे. लिंबाच्या वासाच्या फिनेलात लिंबू असतेच असे नाही. वासाने जंतू मरत नाहीत.

खात्रीचे लिंबाचे तेल घरात आलेच, तर ते पिऊ नका. अंगाला लावायचे असेल तर चमचाभर खोबरेल तेलात एक थेंब, तेही रात्री, कारण ते लावून उन्हात गेले की सरबतवाल्या दादासारखे डाग पडतात. तान्ह्या बाळाला लावू नका, त्याच्या नाकाशी धरू नका. बाटली पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. पोराने तेल प्यायले तर उलटी करायला लावू नका, कारण तेल फुप्फुसात जाऊ शकते. बाटली बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठा. निलगिरीचे तेल आणि कापूर यांच्याबाबत तर जास्त जपावे, ते पोटात गेल्याने लहान मुलांना झटके येऊ शकतात. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात हे तेल लवकर खराब होते, आणि जुन्या तेलाने अंगाला खाज व पुरळ येते. चुलीपासून, दिव्यापासून दूर ठेवा. ते पेटते, हे मेणबत्तीने आम्हाला दाखवलेच आहे.

डासांसाठी लिंबाच्या तेलावर विसंबू नका. त्याचा परिणाम फार थोडा वेळ टिकतो. बाजारात लेमन युकॅलिप्टस नावाने जे मिळते ते वेगळ्या झाडाचे असते, आणि त्यापासून बनवलेले डासरोधक तीन वर्षांखालच्या मुलांना लावू नये असे सांगितले जाते. जिथे नळाला पाणी दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येते तिथे टिप-पिंप भरून ठेवावेच लागतात. ते झाकून ठेवा आणि आठवड्यातून एकदा रिकामे करून घासून कोरडे करा. डेंग्यूचा डास तिथे वाढतो. दाराला सुवास आला म्हणून तो हटत नाही.

साखरेच्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या कोणाच्या बाटलीच्या सांगण्यावरून बंद करू नका. गुडघा चोळून घेतल्याने बरे वाटते, त्यात चोळणाऱ्या हाताचा आणि उबेचा वाटा मोठा असतो. तो हात घरातच आहे.

आणि कुंडीत, डब्यात, मोरीच्या सांडपाण्यावर गवती चहाचे एक ठोंब लावा. शेजारणीकडून मुळासकट एक फुटवा आणला की पुरे. पाऊस लागला की तो फोफावतो. दोन पाती चहात टाकली की घरभर लिंबाचा वास येतो, आणि त्यासाठी कोणाकडे सभासद व्हावे लागत नाही. ज्यांना जमेल त्यांनी पावसाळा संपल्यावर मुलांना घेऊन एकदा पिंपळनेरला जावे. एस.टी. थेट गावात जाते. उतारावर रोशा दिसला तर एक तुरा हातात चुरगाळून मुलांना हुंगू द्यावा, आणि हे तेल कोणाच्या डोक्यावरच्या मोळ्यांतून कुठवर गेले ते त्यांना सांगावे.